एसएसएच किल्ली नाकारली जाते तेव्हा: नवी किल्ली बनवण्याआधी काय तपासावे

गिट या फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे प्रकल्पाच्या कोठारातून, काम खाली घेताना किंवा आपले काम वर पाठवताना टर्मिनलवर ‘परमिशन डिनाइड’ हे शब्द उमटतात, शेजारी कंसात ‘पब्लिककी’ असे लिहिलेले असते, आणि बहुतेक जण त्याच क्षणी नवी एसएसएच किल्ली, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख पटवणारी फायलींची जोडी, बनवायला घेतात. ती चालली नाही तर तिसरी बनते, जुन्या फायलींवर नव्या फायली लिहिल्या जातात, आणि अर्ध्या तासाने ‘.एसएसएच’ फोल्डरात चार किल्ल्या, खात्यावर तीन नोंदी आणि मूळ बिघाड जागच्या जागी, अशी स्थिती उरते. माझा अनुभव असा आहे, की किल्ली स्वतः बिघडलेली क्वचितच असते. बहुतेक वेळा ती पुढे केलीच जात नाही, तिच्याऐवजी भलतीच किल्ली पुढे केली जाते, किंवा किल्ली योग्य असूनही ज्या खात्याची ती आहे त्या खात्याला त्या रिपॉझिटरीत प्रवेश नसतो. यांपैकी कोणताही बिघाड नव्या किल्लीने दूर होत नाही. म्हणून येथे तपासणीचा क्रम सांगितला आहे. उदाहरणे मुख्यतः रिपॉझिटरी ठेवण्याच्या गिटहब या सेवेची आहेत, पण गिटलॅब, बिटबकेट किंवा स्वतःचा सर्व्हर असला तरी क्रम तोच राहतो. कमांड येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.

जोडणी कोठे अडते ते आधी ओळखावे

एसएसएच म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडले जाण्याची पद्धत. तिची जोडणी टप्प्याटप्प्याने पुढे जाते. आधी आपला संगणक सर्व्हरपर्यंत पोचतो. मग समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे का, याची खात्री आपला संगणक करून घेतो. त्यानंतर आपण कोण आहोत हे किल्लीच्या आधारे सिद्ध करावे लागते. आणि सर्वांत शेवटी, त्या ओळखीच्या माणसाला मागितलेली रिपॉझिटरी पाहण्याचा किंवा तीत लिहिण्याचा अधिकार आहे का, हे पाहिले जाते. प्रत्येक टप्प्याची तक्रार वेगळ्या शब्दांत येते. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असा संदेश आला तर किल्लीचा प्रश्न अजून उपस्थितच झालेला नाही, आपण दारापर्यंत पोचलेलोच नाही. ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ आला तर अडचण सर्व्हरच्या ओळखीची आहे. ‘परमिशन डिनाइड’ हा किल्लीचा टप्पा, आणि ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’ हा बहुधा अधिकाराचा टप्पा. संदेश शेवटपर्यंत न वाचता उपाय सुरू केला, तर चुकीच्या टप्प्यावर कितीही मेहनत केली तरी ती वाया जाते.

गिटला विचारावयाची पहिली गोष्ट म्हणजे तो नेमका कोठे जात आहे. ‘गिट रिमोट -व्ही’ ही कमांड दिली की रिपॉझिटरीचा पत्ता दिसतो. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल, तर एसएसएच किल्ली कितीही अचूक असली तरी तिचा उपयोगच होणार नाही, अशा पत्त्यावर गिट वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड मागतो, आणि गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले आहे. एसएसएचचा पत्ता ‘गिट@गिटहब.कॉम’ असा सुरू होतो, पुढे कोलन (:) येतो आणि मग खाते व रिपॉझिटरीचे नाव येते. पत्ता बदलायचा असल्यास ‘गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन’ असे लिहून पुढे नवा पत्ता द्यावा. येथे एक चूक फार वेळा होते: ‘@’च्या आधी ‘गिट’ऐवजी स्वतःचे वापरकर्तानाव लिहिले जाते. गिटहबवर सर्वांसाठी वापरकर्ता ‘गिट’ हाच असतो आणि आपली ओळख फक्त किल्लीवरून पटते; नाव बदलले की योग्य किल्लीही नाकारली जाते.

पत्ता ठीक असेल तर गिटला बाजूला ठेवून केवळ एसएसएच तपासावे. त्यासाठी ‘एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम’ ही कमांड आहे. यातला ‘टी’ कॅपिटल असावा. सर्व काही जुळले असेल तर ‘हाय’ या शब्दापुढे आपले वापरकर्तानाव येते, आपली ओळख पटली असे सांगितले जाते, आणि गिटहब शेल, म्हणजे सर्व्हरवर कमांड चालवण्याची सोय, उपलब्ध करून देत नाही अशी पुस्ती जोडलेली असते. ही पुस्ती पाहून अनेक जण घाबरतात, पण ती यशाचीच खूण आहे. या ओळीतले नाव मात्र काळजीपूर्वक वाचावे. ते आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे असेल, तर पुढचा सारा गोंधळ तेथेच उलगडतो.

बडबडा एसएसएच

किल्ली नाकारली गेली असेल तर याच कमांडमध्ये स्मॉल ‘व्ही’ जोडून ती पुन्हा चालवावी. एसएसएच मग आपण काय काय करतो ते ओळीओळीने सांगू लागतो. शंभरेक ओळी एकदम पाहून दडपण येते, पण त्यांतल्या तीन-चारच आपल्या कामाच्या असतात.

‘आयडेंटिटी फाइल’ने सुरू होणाऱ्या ओळींत कोणकोणत्या फायली शोधल्या हे दिसते, आणि ओळीच्या शेवटी ‘टाइप -१’ असेल तर ती फाइल बहुधा सापडलेली नाही. एसएसएच स्वतःहून केवळ ठरावीक नावांच्या फायली शोधतो, उदाहरणार्थ ‘आयडी_आरएसए’ किंवा ‘आयडी_ईडी२५५१९’. किल्ली बनवताना आपण तिला ‘ऑफिस’ किंवा ‘नवी’ असे नाव दिले असेल, तर एसएसएचला तिचा पत्ता आपण कळवल्याशिवाय लागत नाही. नवशिक्यांच्या अडचणींपैकी मोठा वाटा या एका कारणाचा आहे, असे मी खात्रीने म्हणेन.

त्यानंतर ‘ऑफरिंग पब्लिक की’ ही ओळ शोधावी. किल्लीचे दोन भाग असतात: खासगी भाग आपल्या संगणकावरून कधीच बाहेर जात नाही आणि सार्वजनिक भाग खात्यावर नोंदवलेला असतो. आपला संगणक आधी सार्वजनिक भाग दाखवून ‘ही चालेल का’ असे विचारतो. सर्व्हरने होकार दिला तरच खासगी भागाने सही करून आपला दावा सिद्ध करतो. म्हणून ‘ऑफरिंग’ची ओळ मुळीच नसेल, तर किल्ली पुढे केलीच गेली नाही. ‘ऑफरिंग’ आहे पण त्यानंतर ‘सर्व्हर ॲक्सेप्ट्स की’ ही ओळ नाही, याचा अर्थ सर्व्हरला ती किल्ली माहीत नाही. आणि सर्व्हरने होकार देऊनही शेवटी नकार आला असेल, तर सही करताना अडचण आली: पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा पासवर्ड, चुकला, किल्ली सांभाळणाऱ्या एजंटने सही करायला नकार दिला, किंवा सार्वजनिक आणि खासगी फायली एकमेकींच्या जोडीच्या नाहीत.

शेवटची शक्यता तपासण्यासाठी ‘एसएसएच-कीजेन -वाय -एफ’ या कमांडपुढे खासगी फाइलचे नाव द्यावे. खासगी भागावरून सार्वजनिक भाग नव्याने काढून तो पडद्यावर दाखवला जातो, आणि तो ‘.पब’ फाइलशी ताडून पाहता येतो. ‘.पब’ फाइल हरवली म्हणून किल्ली टाकून देणारे मी पाहिले आहेत. त्याची काहीच गरज नसते.

सर्व्हरला किल्ली माहीत नसेल, तर खात्यावरील नोंद पाहावी. ‘एसएसएच-कीजेन -एल -एफ’पुढे फाइलचे नाव दिले की ‘एसएचए२५६’ने सुरू होणारा फिंगरप्रिंट, म्हणजे किल्लीची छोटी ओळखखूण, मिळतो, आणि खात्याच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक किल्लीपुढे तोच लिहिलेला असतो. दोन फिंगरप्रिंट अक्षरशः जुळले पाहिजेत. किल्लीला आपण दिलेले नाव जुळणे पुरेसे नाही. नोंद पूर्वी होती आणि आता नाही, असेही होऊ शकते, कारण वर्षभर न वापरलेल्या किल्ल्या गिटहब स्वतःहून काढून टाकते. नोंद नव्याने करताना ‘.पब’ फाइलमधली संपूर्ण ओळ एकसलग चिकटवावी, मध्ये ओळ तुटू देऊ नये. खासगी फाइलमधला मजकूर चुकून कोठे चिकटवला गेला असेल, तर ती किल्ली उघड झाली असे समजून ती रद्द करावी. नवी किल्ली बनवणे अपरिहार्य ठरते अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक.

एजंट आणि दुसरा वापरकर्ता

एसएसएच एजंट हा किल्ल्या स्मरणात धरून ठेवणारा, पार्श्वभूमीवर चालणारा प्रोग्राम. ‘एसएसएच-ॲड -एल’ म्हटले की त्याच्याकडील किल्ल्यांची यादी मिळते. तेथील ‘एल’ स्मॉल आहे. ‘द एजंट हॅज नो आयडेंटिटीज’ असे उत्तर आले तर एजंट चालू आहे पण रिकामा आहे, आणि ‘एसएसएच-ॲड’पुढे खासगी फाइलचे नाव देऊन त्याला किल्ली द्यावी. एजंटशी जोडणीच होत नाही असे उत्तर आले तर त्या टर्मिनलला एजंट माहीत नाही. संगणक पुन्हा सुरू केल्यावर एजंट रिकामा होणे हे नेहमीचेच आहे. काल चालत होते आणि आज चालत नाही, या तक्रारीमागे बहुधा हेच असते. ‘.एसएसएच’ फोल्डरातील ‘कॉन्फिग’ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘ॲडकीजटूएजंट’ या शब्दापुढे ‘येस’ लिहिले, तर प्रथम वापरताच किल्ली एजंटकडे आपोआप जमा होते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे ‘सुडो’. एका सहकाऱ्याच्या सर्व्हरवर आम्ही दोघांनी जवळजवळ सबंध दुपार घालवली होती. एसएसएचची चाचणी दर वेळी यशस्वी व्हायची आणि क्लोन, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत खाली घेणे, मात्र दर वेळी नाकारला जायचा. कारण चाचणी तो स्वतःच्या नावाने करत होता आणि क्लोनच्या कमांडआधी सवयीने ‘सुडो’ लिहीत होता. ‘सुडो’ लावले की गिट रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्याच्या नावाने चालतो, किल्ल्या रूटच्या होम फोल्डरात शोधतो, आणि तेथे काहीच नसते. ज्या फोल्डरात क्लोन करायचा आहे त्याची मालकी ‘चाऊन’ने आपल्याकडे घ्यावी आणि ‘सुडो’ सोडून द्यावे, हाच योग्य उपाय आहे. रूटच्या फोल्डरात आपल्या किल्लीची प्रत ठेवण्याचा मोह टाळावा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्राम) किंवा सीआयमधून (बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) चालणाऱ्या कामांचेही असेच असते: ती कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात हे प्रथम विचारावे.

परवानग्यांबद्दल थोडक्यात सांगतो. खासगी फाइल इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ असा ठळक इशारा देऊन ती वापरायला नकार देतो. ‘.एसएसएच’ फोल्डरला ७०० आणि खासगी फाइलला ६०० ही परवानगी ‘सीएचमॉड’ने द्यावी. विंडोजवरील लिनक्समध्ये, म्हणजे डब्ल्यूएसएलमध्ये, सी ड्राइव्हवरच्या फाइलची परवानगी बदलूनही बदललेली दिसत नाही. तेव्हा किल्ली लिनक्सच्या होम फोल्डरात आणावी आणि मग परवानगी द्यावी.

एका संगणकावर दोन खाती

हा भाग मी सविस्तर लिहितो आहे, कारण येथे संदेश सर्वांत जास्त दिशाभूल करतो. एक खाते स्वतःचे आणि एक कार्यालयाचे, अशी दोन खाती अनेकांकडे असतात. गिटहब एकच किल्ली दोन खात्यांवर नोंदवू देत नाही, ‘की इज ऑलरेडी इन यूज’ असे सांगून अडवते, म्हणून दोन किल्ल्या बनवाव्या लागतात. दोन्ही किल्ल्या एजंटकडे असतात. कार्यालयाची रिपॉझिटरी क्लोन करताना एजंट एकेक किल्ली पुढे करू लागतो; पहिली किल्ली स्वतःच्या खात्याची निघते, आणि गिटहबच्या दृष्टीने ती पूर्णपणे वैध असते. त्यामुळे ओळख पटते, दुसऱ्या किल्लीची पाळीच येत नाही, आणि मग स्वतःच्या खात्याला कार्यालयाच्या रिपॉझिटरीत प्रवेश नसल्याने ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’ असे उत्तर मिळते. खासगी रिपॉझिटरी अस्तित्वात आहे हेसुद्धा परक्याला कळू नये, म्हणून ‘प्रवेश नाही’ऐवजी ‘सापडली नाही’ असे म्हटले जाते. माणूस मग नावाचे स्पेलिंग तपासत बसतो.

उपाय होम फोल्डरातल्या ‘.एसएसएच’मधील ‘कॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये आहे. तीत ‘होस्ट’ या शब्दापुढे आपल्या पसंतीचे टोपणनाव लिहावे, समजा ‘गिटहब-ऑफिस’. त्याखालच्या ओळींत ‘होस्टनेम’पुढे ‘गिटहब.कॉम’, ‘यूजर’पुढे ‘गिट’, ‘आयडेंटिटीफाइल’पुढे कार्यालयाच्या खासगी किल्लीचा पत्ता, आणि ‘आयडेंटिटीजओन्ली’पुढे ‘येस’ लिहावे. ही शेवटची ओळ गाळू नये. ती नसेल तर एसएसएच एजंटकडच्या बाकीच्या किल्ल्याही पुढे करतो आणि सारी मांडणी निरर्थक ठरते. यानंतर रिपॉझिटरीच्या पत्त्यात ‘गिटहब.कॉम’च्या जागी ‘गिटहब-ऑफिस’ लिहावे, आणि ‘एसएसएच -टी गिट@गिटहब-ऑफिस’ ही चाचणी करून स्वागताच्या ओळीत कार्यालयाच्या खात्याचे नाव येते का ते पाहावे.

याच फाइलचा एक नियम पुष्कळांना ठाऊक नसतो: एखाद्या गोष्टीसाठी सर्वांत आधी सापडलेले मूल्य एसएसएच धरून ठेवतो आणि खालचे दुर्लक्षित करतो. म्हणून सर्व सर्व्हरना लागू होणारा, ‘होस्ट’पुढे तारा (*) लिहिलेला विभाग फाइलच्या तळाशी असावा. नेमके कोणते मूल्य लागू होत आहे याची शंका असल्यास ‘एसएसएच -जी’ पुढे टोपणनाव द्यावे, यातला ‘जी’ कॅपिटल. जोडणी न करता सर्व अंतिम मूल्ये दाखवली जातात.

किल्ल्या पाच-सहाहून अधिक झाल्या, की ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ हा संदेशही येऊ लागतो. ओपनएसएसएच या प्रचलित एसएसएच प्रोग्रामचा सर्व्हर मूळ मांडणीत एका जोडणीत सहाच प्रयत्न करू देतो, आणि योग्य किल्ली सातवी असेल तर ती पोचतच नाही. येथेही ‘आयडेंटिटीजओन्ली’ हाच उपाय.

ओळख पटते, तरीही काम होत नाही

स्वागताच्या ओळीत नाव बरोबर आहे आणि तरीही रिपॉझिटरी नाकारली जाते, अशा वेळी एसएसएचला हात लावू नये. त्या खात्याला निमंत्रण मिळाले आहे का आणि ते स्वीकारले आहे का, हे पाहावे. संस्थेने एकल साइन-इन, म्हणजे संस्थेच्या एकाच लॉगिनमधून प्रवेश, सक्तीचे केले असेल, तर खात्यावरील प्रत्येक किल्लीला त्या संस्थेसाठी स्वतंत्रपणे अधिकृत करावे लागते. सेटिंग्जमध्ये किल्लीच्या शेजारीच तशी सोय असते. सर्व्हरवरून वाचता येते पण पुश होत नाही, म्हणजे बदल वर पाठवता येत नाहीत, आणि संदेशात ‘मार्क्ड ॲज रीड ओन्ली’ असे शब्द असतील, तर ती डिप्लॉय की आहे. अशी किल्ली एकाच रिपॉझिटरीशी बांधलेली असते, तिला लिहिण्याची परवानगी आपण मुद्दाम द्यावी लागते, आणि तिच्याने चाचणी केली तर स्वागताच्या ओळीत माणसाऐवजी रिपॉझिटरीचे नाव येते.

जुन्या किल्ल्या आणि बदललेला सर्व्हर

काही बिघाड आपण काहीही न करता उद्भवतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ने आरएसए या प्रकारच्या किल्लीच्या, एसएचए-१ या जुन्या पद्धतीच्या सह्या मूळ मांडणीत बंद केल्या. त्यामुळे संगणकाची प्रणाली अद्ययावत केल्यावर कार्यालयातल्या एखाद्या जुन्या गिट सर्व्हरने अचानक आरएसए किल्ली नाकारली, आणि बडबड्या उत्तरात ‘नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम’ असे शब्द दिसले, तर कारण हे आहे. आरएसए किल्ली वाईट झालेली नसते. जुन्या सर्व्हरला सहीची नवी पद्धत येत नसते. सर्व्हर अद्ययावत करणे किंवा ईडी२५५१९ प्रकारची किल्ली घेणे हा टिकाऊ मार्ग आहे. तो तूर्त शक्य नसेल तर जुनी पद्धत कॉन्फिग फाइलमध्ये त्या एका सर्व्हरपुरतीच चालू करावी, सर्वांसाठी कदापि करू नये. डीएसए प्रकारची किल्ली मात्र आता सोडूनच द्यावी. गिटहबने ती मार्च २०२२ मध्ये बंद केली.

दुसरा प्रसंग सर्व्हरच्या ओळखीचा. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए होस्ट किल्ली, म्हणजे सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी किल्ली, बदलली, कारण तिचा खासगी भाग एका सार्वजनिक रिपॉझिटरीत थोडा वेळ उघड झाला होता. त्या दिवशी असंख्य टर्मिनलांवर ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असा इशारा झळकला. अशा वेळी ‘एसएसएच-कीजेन -आर गिटहब.कॉम’ने, कॅपिटल ‘आर’ वापरून, जुनी नोंद काढता येते. पण त्याआधी नवा फिंगरप्रिंट त्या सेवेच्या अधिकृत पानावरील फिंगरप्रिंटशी ताडून पाहावा. हाच इशारा मध्ये कोणी तिसरा बसला असेल तेव्हाही येतो, आणि घाईने ‘येस’ लिहिणाऱ्याला एसएसएच वाचवू शकत नाही.

महाविद्यालयाच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कवर जोडणीच होत नसेल, तर २२ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे एसएसएचचे नेहमीचे दार, बंद असण्याची शक्यता मोठी आहे. मोबाइलच्या इंटरनेटवरून तीच चाचणी करून पाहिली की लगेच कळते. गिटहबसाठी कॉन्फिगमध्ये ‘होस्टनेम’पुढे ‘एसएसएच.गिटहब.कॉम’ आणि ‘पोर्ट’पुढे ४४३ लिहिले, की तीच एसएसएच जोडणी सहसा खुल्या असलेल्या पोर्टवरून जाते. गिटलॅबसाठी ‘ऑल्टएसएसएच.गिटलॅब.कॉम’ आणि बिटबकेटसाठी ‘ऑल्टएसएसएच.बिटबकेट.ऑर्ग’ अशी सोय आहे, पोर्ट तोच.

विंडोजवर आणखी एक गुंता असतो: गिटबरोबर आलेला एसएसएच आणि विंडोजचा स्वतःचा एसएसएच हे दोन वेगळे प्रोग्राम एकाच संगणकावर नांदतात. पॉवरशेलमध्ये चाचणी यशस्वी होते ती एकाच्या एजंटच्या बळावर, आणि गिट वापरतो दुसऱ्याला. गिटच्या ‘कोअर.एसएसएचकमांड’ या सेटिंगमध्ये विंडोजच्या एसएसएचचा पूर्ण पत्ता दिला, की दोघे एकाच मार्गाने जातात. पुटी या दुसऱ्या एसएसएच प्रोग्रामने बनवलेली ‘.पीपीके’ किल्लीची फाइल ओपनएसएसएचला सहसा वाचता येत नाही. ती पुटीजेनमध्ये उघडून ओपनएसएसएचच्या स्वरूपात निर्यात करावी.

स्वतःच्या सर्व्हरवर रिपॉझिटरी असेल तर एक मोठी सोय हाताशी असते, ती म्हणजे सर्व्हरची नोंदवही. नकाराचे खरे कारण सुरक्षिततेसाठी समोरच्याला सांगितले जात नाही, पण सर्व्हरच्या लॉगमध्ये ते बहुधा लिहिलेले असते. सर्व्हरवरचा होम फोल्डर, ‘.एसएसएच’ फोल्डर किंवा ‘ऑथराइज्ड_कीज’ ही मान्य किल्ल्यांची फाइल इतर वापरकर्त्यांच्या गटाला लिहिता येण्याजोगी असेल, तर नोंद अचूक असूनही किल्ली नाकारली जाते, आणि लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ अशी ओळ सापडते.

काम सुरळीत झाल्यावर खात्यावरील किल्ल्यांची यादी एकदा उघडावी, प्रयोगांत जमलेल्या अनोळखी नोंदी काढाव्यात, आणि राहिलेल्या प्रत्येकीला ती ज्या संगणकावर आहे त्याचे नाव व नोंदवल्याचा महिना द्यावा, म्हणजे लॅपटॉप हरवला तर नेमकी कोणती किल्ली रद्द करायची हे शोधत बसावे लागणार नाही.